हाडांचं शिबिर: पैसे वसूल, पण जेवणाचं आणि झोपायचं आपलं आपण बघा

गेल्या महिन्यात सोलापूरकडच्या एका कृषी पर्यटन केंद्रावर दोन दिवसांचं निवासी शिबिर केलं, नाव एकदम भारदस्त, "प्राण्यांची शरीररचना आणि संवर्धन". आयोजकांचं नाव टाकत नाही कारण खाली थोडी बोंब मारलीये, ग्रुप छोटा आहे, उगाच कोणाचं नुकसान नको. फी ३८०० रुपये माणशी, राहणं-जेवण धरून. खरं सांगायचं तर मी बायकोने नाव घातलं म्हणून गेलो, मला वाटलेलं सकाळी दुर्बीण घेऊन फिरवतील, चार काळवीट दाखवतील, रात्री पीपीटी लावतील आणि रविवारी घरी.

शनिवारी दहाला सुरू होणार होतं ते साडेअकराला झालं, आणि शिकवणाऱ्या मॅडमनी (जनावरांच्या डॉक्टर आहेत) टेबलावर काय ठेवलं तर मार्केटमधून आणलेल्या चार अख्ख्या कोंबड्या! रानातल्या प्राण्याची कवटी-हाडं परवानगीशिवाय बाळगणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, म्हणून शिकायला कोंबडीच. दोघीतिघी नाक मुरडून मागे सरकल्या, पण अर्ध्या तासात सगळे टेबलाला चिकटले होते. छातीचं ते मधलं उभं हाड बघा, होडीच्या तळासारखं, उडायचे सगळे स्नायू त्यालाच धरलेले असतात, इतकी वर्षं आपण ते नुसतं चोखून टाकतोय.

मग पाय. कोंबडीला पुढे तीन बोटं आणि मागे एक, त्या मागच्या बोटाच्या जोरावर ती रात्री फांदीवर बसते. आणि माळढोकला, म्हणजे माळरानावरच्या त्या मोठ्या दुर्मिळ पक्ष्याला, ते मागचं बोटच नसतं. तीनच बोटं, तिन्ही पुढे. म्हणजे फांदी पकडायचा प्रश्नच नाही, चालणं-खाणं-झोपणं सगळं जमिनीवर, अंडंही उघड्या जमिनीवर, तेही बहुतेक वेळा वर्षाला एकच. मॅडमनी विचारलं, "मग माळावर झाडं लावली तर याचं भलं होईल की घर जाईल?" मी दरवर्षी ऑफिसच्या वृक्षारोपणाला जाऊन "ओसाड" माळावर रोपं लावतानाचे फोटो टाकतो. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी कोंबडीकडे बघितलं.

शिबिरातला सगळ्यात भारी भाग दुपारचा टोपीचा खेळ, फक्त त्यासाठी पुन्हा पैसे भरीन. पुठ्ठ्याच्या टोप्या, कपाळावर लांब झाप, अंगणात जमिनीवर शेंगदाणे टाकलेले आणि मध्ये दोन खांबांना छातीच्या उंचीवर नायलॉनची पातळ दोरी. मान थोडी खाली घालून शेंगदाणे बघत चालायचं. मी तिसऱ्या पावलाला दोरीत. चौदा जणांतले अकरा अडकले, आमच्या हिला दिसली कारण तिची टोपी मागे सरकली होती, हे चीटिंगच आहे पण असो.

दोरी म्हणजे विजेची तार, टोपी घातलेले आपण म्हणजे उडणारा माळढोक, आणि यामागे खरा अभ्यास आहे. २०१० मध्ये मार्टिन आणि शॉ या दोघांनी आफ्रिकेतल्या कोरी बस्टर्डच्या, म्हणजे माळढोकच्या भाऊबंदाच्या, डोळ्यांची मापं घेतली. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, समोरचं दिसायची पट्टी अरुंद, आणि उडताना हा पक्षी खालची जमीन न्याहाळायला मान झुकवतो. फक्त २५ अंश झुकवली की उडायच्या दिशेचं दिसणं बंद! पांढऱ्या करकोच्याला तेवढं आंधळं व्हायला ५५ अंश मान घालावी लागते. त्यात माळढोकचा नर पंधरा किलोपर्यंत जातो, तार दिसलीच तरी एवढं धूड ऐनवेळी वळवणार कसं? थरच्या वाळवंटात वर्षाला साधारण १८ माळढोक विजेच्या तारांना धडकून मरतात असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे, आणि उरलेत सगळे मिळून दीडशेच्या आत, आता करा हिशोब.

मी लगेच शहाणपणा केला, म्हटलं मग तारांना चकचकीत काहीतरी लटकवा ना. तसं लटकवतातच, फिरत्या चकत्या असतात. पण दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागात मोठा प्रयोग करून बघितला तर क्रौंचांचे अपघात कमी झाले आणि बस्टर्डचे नाही झाले. जो पुढे बघतच नाही त्याच्यासाठी पुढे कितीही चमकवा. म्हणून तार जमिनीखालून न्या, नाहीतर त्यांच्या वाटेतून काढा ही मागणी. महाग आहे, सुप्रीम कोर्टात २०२१ ला तसा एक आदेश आला, २०२४ ला तो बदलला, सौरऊर्जेची वीजही न्यायचीच आहे. मॅडमनी दोन्ही बाजू नीट सांगितल्या, कोणाला व्हिलन केलं नाही, ते मला आवडलं.

रात्रीचं गिधाडांचं लेक्चर ठीकठाक. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेलं जनावर मेल्यावर खाल्लं की गिधाडांच्या किडन्या जातात, २००६ ला जनावरांसाठी त्यावर बंदी आली, हे बऱ्याच जणांना माहीत होतं. नवीन कळलं ते असं की गिधाडाच्या डोळ्यांवर उन्हापासून आडोसा करणारी भुवई असते, त्यामुळे वरचा भाग मुळात दिसत नाही, आणि मेलेलं जनावर शोधायला मान खाली घातली की समोरचंही गेलं, मग पवनचक्कीचं पातं कुठून दिसणार. पण स्लाइड सगळ्या इंग्रजीत, प्रोजेक्टर दोनदा बंद, आणि मागे डास.

आता बोंब. रात्री जेवायला काय तर कोंबडीचा रस्सा! दिवसभर तिच्या बरगड्या मोजल्यावर निम्म्या लोकांनी पिठलं मागितलं आणि पिठलं संपलं. बारा जणांत एक बाथरूम, गरम पाणी पहिल्या तिघांना, गाद्यांबद्दल बोलत नाही.

रविवारी पहाटे नान्नजला नेलं, १९७९ चं माळढोक अभयारण्य. माळढोक दिसला नाही, दिसेल अशी खोटी आशाही कोणी दाखवली नव्हती. काळवीट भरपूर, धाविक पक्षी अगदी जवळून, चंडोलांचा कलकलाट. पण मी सगळा वेळ बाहेरच्या रस्त्याकडेच्या तारा बघत होतो, किती उंचीवर आहेत, मागे आभाळ आहे की डोंगर, आणि फोटो काढायचे राहूनच गेले.

पाचपैकी चार स्टार, एक बाथरूमचा कापला. दहावीच्या पुढच्या मुलांना न्या, छोट्यांना लेक्चर झेपणार नाही. नुसते फोटो काढायला जाणार असाल तर जाऊ नका. पुढची बॅच डिसेंबरमध्ये आहे म्हणे, डासांचं मलम न्या आणि टोपीच्या आत घालायला रुमाल न्या, ते पुठ्ठे आधीच्या बॅचच्या घामाचे आहेत.