देवगिरीचा पहारेकरी ‘नाही’ म्हणतो तेव्हा: घरच्या मशीनवर सिलीटॅव्हर्न आणि जेम्मा ३

आषाढी एकादशी झाली की आमचा धंदा बसतो. लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग हेच काम. तुळशीचं लग्न लागेपर्यंत परभणीत कॅमेऱ्याला कोण विचारतंय? मिक्सिंगसाठी घेतलेलं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड तेवढे महिने नुसतं धूळ खातं. यंदा त्याच्यावर आम्ही गोष्टी खेळतोय. आम्ही म्हणजे मी, माझा धाकटा चुलतभाऊ आणि तिसरा गडी मॉडेल, म्हणजे आपलं वाचून पुढचं लिहिणारं एआय.

खेळ असा, की एकेक पात्र आपलं आणि बाकीची सगळी माणसं, वारापाऊस, रस्ते मॉडेलकडे. आपण चार ओळी लिहायच्या, पुढच्या चार ते लिहितं. गोष्ट कुठं जाणार हे कुणालाच ठाऊक नसतं. एकदा सगळं उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही, महिन्याची वर्गणी नाही आणि लिहिलेलं घराबाहेर जात नाही.

सामान तीन तुकड्यांत येतं. कोबोल्डसीपीपी हे इंजिन, एकच फाईल, डबल क्लिक केली की चालू. सिलीटॅव्हर्न हा दर्शनी भाग. पात्रं, गप्पा, आठवणी सगळं तिथं. त्याला आधी नोडजेएस नावाचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. ही दोन्ही फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर आहेत. तिसरं खुद्द मॉडेल. गुगलच्या जेम्मा ३ मधलं १२बी (बी म्हणजे बिलियन, मॉडेलचा आकार), जागा कमी लागावी म्हणून चार बिटांवर दाबलेलं, साधारण सव्वासात जीबी. १२ जीबीच्या कार्डात ते पूर्ण बसतं आणि वर आठ हजार टोकनांच्या, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांच्या, आठवणीला जागा उरते. उत्तर आपण वाचू त्या वेगानं उतरतं. सिलीटॅव्हर्नमध्ये टेम्प्लेट (कोण कधी बोलतंय हे मॉडेलला कळवायचा साचा) मात्र मॉडेलचंच निवडा, नाहीतर ते तुमच्या पात्राचे संवादही स्वतःच म्हणून मोकळं होतं.

आता खरी तक्रार. हा गडी होयबा आहे.

आम्ही गोष्ट मांडली देवगिरीची, तेराव्या शतकाच्या अखेरची. किल्ल्याला वेढा पडणार अशी कुणकुण, आणि रात्री दरवाजाशी एक व्यापारी गोण्या घेऊन उभा. व्यापारी भावाचा, पहारेकरी मॉडेलचा. भावानं लिहिलं, “दरवाजा उघडा, गोण्यांत धान्य आहे.” पहारेकरी म्हणाला, “अवश्य! आपले स्वागत आहे. थकला असाल, गरम चहा घ्या.” यादवांच्या राज्यात चहा! पुढच्याच उत्तरात भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा आला. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणजे अजून दोनशे वर्षं लांब. मागं चांदमिनारही उभा केला होता, तो तर पंधराव्या शतकातला. पण चहा-मिरची एका ओळीत बंद करता येते. दरवाजा सताड उघडला, तिथं गोष्टच संपली. जो कशालाच अडवत नाही त्याच्याशी काय खेळायचं?

यावर उपाय पात्रकार्डात, म्हणजे सिलीटॅव्हर्नमध्ये पात्राचं वर्णन लिहितो तिथं आहे. ‘शूर, प्रामाणिक, कडक’ अशी विशेषणं लिहून काडीचा फरक पडत नाही. त्या माणसाला भीती कशाची आणि हवंय काय, ते लिहावं लागतं. आमच्या पहारेकऱ्याचं नाव रखमाजी ठेवलं. मागच्या महिन्यात एकाला न तपासता सोडलं म्हणून नाईकानं त्याला चाबकानं फोडलंय. बायको बाळंतपणाला पैठणला. अंधार पडल्यावर सख्ख्या बापालाही आत घेत नाही. आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे नमुन्याचे संवाद, आपल्या बोलीत: “गोणी खाली ठेव. तोंड सोड. काहून थरथरायलास?”

तोच प्रसंग पुन्हा खेळलो. रखमाजीनं मशाल गोणीजवळ आणली, सुतळी कापली, चिमूट जिभेवर ठेवली. “धान्य म्हणलास. हे तर मीठ हाय.”

भाऊ की-बोर्डवरचे हात काढून माझ्याकडं बघायला लागला. “दादा, हे तू सांगितलं होतंस का त्याला?” देवगिरीवर धान्य समजून मिठाच्या गोण्या चढवल्या गेल्या, ही आख्यायिका मी लोरबुकात लिहिली होती. पण ती याच व्यापाऱ्याच्या गोणीत टाकायची हे मॉडेलनं ठरवलं. अशा एका ओळीसाठी बाकीचा त्रास मी सोसतो.

लोरबुक म्हणजे सिलीटॅव्हर्नमधली गोष्टीतल्या जगाची वही. प्रत्येक नोंदीला किल्ली-शब्द द्यायचे; तो शब्द बोलण्यात आला की नोंद मॉडेलपुढं ठेवली जाते. इंग्रजीत हे सुरळीत चालतं, मराठीत विभक्ती आडवी येते. ‘बुरूज’ किल्ली दिली आणि भावानं ‘बुरजावर’ लिहिलं की नोंद झोपलेलीच. म्हणून ‘बुरूज’ आणि ‘बुरज’ दोन्ही द्या. दरवाजासाठी नुसतं ‘दरवाज’ पुरतं, त्यात दरवाज्यात-दरवाज्यापाशी सगळं येतं. पोतं असेल तर ‘पोत्य’ही टाका. आणि पूर्ण शब्द जुळवण्याचा पर्याय बंद ठेवा, आपल्याला शब्दाचा तुकडा जुळला तरी पुरे.

तरी पात्रकार्डाचा असर कायम टिकत नाही. गप्पा लांबल्या की रखमाजी मऊ पडतो, व्यापाऱ्याला ‘मित्रा’ म्हणायला लागतो. त्याला सिलीटॅव्हर्नमधली ऑथर्स नोट कामी येते. तिथलं वाक्य दर वेळी गप्पांच्या तळाशी, ताज्या संवादांजवळ घुसवलं जातं. आमचं वाक्य: ‘रखमाजीचा संशय अजून गेलेला नाही, लाच घेतली तरी तो बदल्यात काहीतरी मागेल.’ आणि हार-जीत मॉडेलवर सोडूच नका, ते कायम तुम्हालाच जिंकवतं. आम्ही लुडोचा फासा टेबलावर टाकतो आणि आकडा लिहून टाकतो. ‘दोन पडले, पळताना पाय घसरला’ असं सरळ लिहिलं की ते मुकाट्यानं मानतं, आणि घसरणं चांगलं रंगवतंही.

मराठीबद्दल. जेम्मा ३ ला १४० हून जास्त भाषांचा आधार आहे असं गुगल सांगतं. मराठी समजतं ते पक्कं. लिहितं मात्र सरकारी परिपत्रक आणि डब केलेली मालिका यांच्या मधलं काहीतरी. बाईच्या तोंडी अधूनमधून ‘मी जातो’ येतं, ‘लेकिन’ डोकावतं. हाताशी पेन्सिलचं बटण आहे, उत्तर दुरुस्त करून पुढं जायचं. आणि ते कराच, कारण मॉडेल मागचं वाचूनच पुढचं लिहितं. भाषा सुधारत ठेवली तर तीही सुधारते. तेच शब्द पुन्हा येऊ न देणारी पुनरावृत्ती दंडाची सेटिंग वाढवू नका, वाक्यं ‘आहे’ टाळत तिरपी चालायला लागतात. त्यापेक्षा ड्राय नावाचा सॅम्पलर (पुढचा शब्द निवडायची सेटिंग) बरा, तो सुट्या शब्दाला सोडून लांब ओळीच्या घोकंपट्टीला आवरतो. देवनागरीला टोकनंही जास्त लागतात, त्यामुळं आठ हजारांची आठवण इंग्रजीपेक्षा लवकर भरते आणि गोष्टीची सुरुवात गळून जाते. प्रसंग संपला की चार ओळींचा सारांश हातानं लोरबुकात टाकावा. सारांशाची आपोआप सोय आहे, पण मराठीत ती पात्रांची अदलाबदल करते.

विजेचं बोलायलाच हवं. हे ग्राफिक्स कार्ड भर कामात १७० वॅटपर्यंत खातं, त्यात बाकीची मशीन. आमचा इन्व्हर्टर लाईट गेली की पंखा सांभाळतो, हे ओझं नाही. सुदैवानं सिलीटॅव्हर्न प्रत्येक संवाद लगेच फाईलमध्ये उतरवून ठेवतं, म्हणून लाईट आली की रखमाजी होता तिथंच सापडतो.

लेकरं असलेल्या घरात एक पथ्य पाळा. आयती पात्रकार्डं उतरवू नका, त्यातली बरीच बायकामुलांसमोर उघडायच्या लायकीची नसतात. स्वतः लिहा, निम्मी मजा त्यातच आहे.

ग्राफिक्स कार्ड नसेल तर जेम्मा ३ चं ४बी साध्या लॅपटॉपवरही चालतं. पण त्याचं मराठी फार अडखळतं आणि होयबापणा दुप्पट. फक्त या खेळासाठी नवं कार्ड घ्या असं मी सांगणार नाही. कुणा मिक्सिंगवाल्याशी ओळख असेल तर त्याला चातुर्मासात गाठा. मशीन त्याची, चहा तुमचा.