मोठ्यांसाठीचा वॉटरकलर क्लास, नऊ महिन्यांनंतर: आधी कागदाबद्दल बोलते

मागच्या दिवाळीनंतर पुण्यात शनिवार-रविवारचा वॉटरकलर क्लास लावला. वय ४८, बँकेत नोकरी, आणि ब्रश शेवटचा हातात धरला होता तो शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेला. वस्तुचित्र, स्मरणचित्र वगैरे तेव्हाच सुटलं, इंटरमिजिएटला बसायचं राहून गेलं आणि ते मनात होतंच. क्लास कसे असतात, बॅच, वेळा हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. मला लिहायचंय ते कागदावर, कारण माझे पहिले तीन महिने कागदाने खाल्ले आणि क्लासमध्ये एकानेही ते आधी सांगितलं नाही.

प्रवेश घेतानाच २,४०० रुपयांचं किट घ्यावं लागलं, बाहेरून आणलेलं चालणार नाही म्हणाले. २४ ट्यूबांचा सेट, सात ब्रश, प्लास्टिकची पॅलेट आणि १८० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, जितकं जास्त तितका कागद जाड) पॅड. पॅडवर मोठ्या अक्षरात वॉटरकलर पॅड असं छापलेलं, त्यामुळे शंका येण्याचा प्रश्नच नव्हता. सर डेमोला आकाशाचा वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सलग थर, टाकायचे तो मलईसारखा खाली उतरायचा, आणि माझ्याकडे तोच रंग, तेवढंच पाणी, तरी पट्टेच्या पट्टे. मिनिटभरात कागदाला लाटा यायच्या, खळग्यात रंग साचायचा, त्याच्या कडेला गडद रेघ उमटायची, आणि त्यावर दुसरा हात मारला की कागदाचा भुगा निघून ब्रशला चिकटायचा. सर म्हणायचे सराव वाढवा. वाढवला. जेवणं उरकून रात्री साडेदहाला बसायचे, दोन पॅडं संपवली, आणि रोज झोपताना वाटायचं की हे आपल्या हातात नाहीच.

जानेवारीत आईच्या वाढदिवसासाठी आमच्या जुन्या घराचं अंगण काढायला घेतलं. तुळशीवृंदावन, मागची चुन्याची भिंत, त्यावर पेरूच्या झाडाची सावली. नुसत्या ड्रॉइंगला तीन संध्याकाळी गेल्या. सावलीचा तिसरा थर देताना बरोबर वृंदावनाच्या कडेला कागदाचा पापुद्रा निघाला आणि नखाएवढा पांढराफटक चट्टा पडला. मी रडले त्या रात्री, खरंच रडले.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या ऑफिसात जाऊन उरलेल्या तीन महिन्यांची फी परत मागितली. मिळणार नाही म्हणाले, पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं दाखवलं. दोन आठवडे फोन केले, लेखी अर्ज दिला, काही उपयोग झाला नाही. भरलेले पैसे सोडायचे नाहीत एवढ्यासाठी मी जात राहिले.

आणि तिथून माझं मत फिरलं, तेही सरांमुळे नाही. माझ्या शेजारी एक रिटायर्ड काका बसतात, ते बरेच दिवस माझी धडपड बघत होते. एक दिवस म्हणाले, अहो ताई, हात ठीक आहे तुमचा, हा कागद बदला. आणि स्वतःच्या फोल्डरमधून ३०० जीएसएमच्या कॉटन कागदाचा एक तुकडा काढून दिला. मी बोर्ड थोडा तिरका केला, अल्ट्रामरीनमध्ये किंचित बर्न्ट सिएना घालून वरून पहिला पट्टा ओढला. पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाचा एक जाडसर थेंब लांबच्या लांब थांबून राहिला, सुकला नाही, पळाला नाही. तोच ब्रशने खालच्या पट्ट्यात ओढला, मग त्याच्या खालच्या. शेवटी आख्खं आकाश एकसंध, आणि सुकताना अल्ट्रामरीनचे बारीक कण कागदाच्या खाचांमध्ये बसत गेले ते मी नाक कागदाला लावून बघत होते. तीन महिने जे जमत नव्हतं ते पहिल्या फटक्यात आलं.

मग मी त्याच्या मागेच लागले. कपड्याला खळ देतात तशी कागदालाही दिलेली असते, चांगल्या कागदाला बऱ्याचदा जिलेटिनची, म्हणून पाणी लगेच आत न शिरता वर खेळत राहतं आणि आपल्याला वेळ मिळतो. कापसाचे धागे लांब असतात, घासलं तरी सहज तुटत नाहीत. आमच्या पॅडचा कागद लाकडाच्या लगद्याचा, तोही पातळ. गमटेपने बोर्डवर ताणून चिकटवला तर लाटा कमी होतात, भुगा मात्र थांबत नाही. आणि जलरंगात पांढरा रंग सहसा वेगळा लावत नाहीत, कोरा सोडलेला कागदच पांढरा ना. चित्रकार हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, ते मी इतकी वर्षं ऑइल समजत होते. ते वॉटरकलर आहे हे याच क्लासमध्ये कळलं, तेव्हा अंगावर काटा आला.

हिशोब सांगते. पॅडचं एक पान मला १५ रुपयांना पडायचं. कॉटनची २२ बाय ३० इंचाची फुल शीट मी अप्पा बळवंत चौकातून ३६० ला आणली, तिचे चार तुकडे, म्हणजे ९० ला एक, दोन्ही बाजू वापरल्या तर ४५. एका आकाशासाठी मी पॅडची सहा-सहा पानं फुकट घालवत होते, म्हणजे ९० रुपये तिथेच गेले. उलट २४ ट्यूबांपैकी आजही मी सहाच वापरते आणि सातपैकी दोन ब्रश, १० नंबरचा राउंड आणि एक फ्लॅट. किटचे पैसे उलट्या जागी खर्च झालेत, याचा राग मला अजून आहे आणि तो मी सोडणार नाही.

पण क्लासबद्दल आता पूर्वीइतकं वाईट बोलणार नाही. कागद बदलल्यावर सरांचं शिकवणं कळायला लागलं. डोळे बारीक करून आधी उजेड-सावलीचे तीनच भाग बघायचे, चकाकी गेली की ओल्या वॉशला हात लावायचा नाही, हे ते पहिल्या दिवसापासून सांगत होते, माझं सगळं लक्ष लाटांकडे. मार्चमध्ये वाईजवळ मेणवलीला नेलं होतं. घाटाच्या पायऱ्यांवर सावली एकेका पायरीला मोडत खाली जाते, ती एकाच ब्रशफुल रंगात न थांबता उतरवायची. माझी चौथ्या प्रयत्नात उतरली. सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, आता हात लावू नका. तो तुकडा मी फ्रेम केलाय, आणि अंगणाचं चित्र परत काढून आईला दिलं, तिने देवघरासमोर लावलंय.

पुढच्या सहा महिन्यांची फी भरली, पण ॲडव्हान्स किट घ्यायला स्पष्ट नाही म्हटलं. थोडी कुरकुर झाली, मग मान्य केलं. तुम्ही लावणार असाल तर प्रवेशाच्या आधीच विचारा की किट सक्तीचं आहे का आणि कागद किती जीएसएमचा, कॉटन आहे का, आणि फी तीन महिन्यांचीच भरा.

एक गोष्ट मात्र मला महागात पडली. जुलैत कपाटातल्या चार शीट काढल्या तर वॉश टाकल्यावर जागोजागी गडद ठिपके, जणू शाई फुटलीय. दमट हवेत कागदाची खळ मरते म्हणे. १,४०० रुपयांचा माल होता. त्या शीट आता पेन्सिल स्केचला वापरतेय, आणि नवीन आणते त्या एकेक करूनच, झिपच्या प्लास्टिक पिशवीत सिलिकाच्या पुड्या घालून पलंगाखाली आडव्या ठेवते.