ईस्टरला आईबाबांना घेऊन जायचंय: क्यू गार्डन्स की विझ्ली?

गुड फ्रायडे ते ईस्टर मंडे असे चार दिवस लंडनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या घरांतून सगळे एकाच वेळी मोकळे सापडतात. मुलांची शाळा बंद, आपली ऑफिसं बंद, आणि अनेकांकडे त्याच सुमारास भारतातून आईबाबा आलेले असतात. तीन पिढ्यांनी मिळून कुठेतरी दिवस घालवायचा तर बागेसारखी दुसरी जागा नाही. आम्ही वेगवेगळ्या वर्षी लंडनमधल्या क्यू गार्डन्सलाही गेलो आणि सरे परगण्यातल्या विझ्लीच्या बागेतही. आता ओळखीचे लोक विचारतात, यंदा कुठे जाऊ? त्यांच्यासाठी हे सविस्तर.

आधी कॅलेंडर बघा. ईस्टर आपल्या सणांसारखाच चंद्रावर चालतो: ढोबळमानाने २१ मार्चनंतरच्या पहिल्या पौर्णिमेपुढचा रविवार. म्हणून २०२४ मध्ये तो होळी होते न होते तोच ३१ मार्चला आला, आणि २०२५ मध्ये हनुमान जयंती होऊन आठवडा उलटल्यावर २० एप्रिलला. या तीन आठवड्यांत इथल्या बागेचं रूप पार पालटतं. ईस्टर लवकर असेल तर डॅफोडिल, कॅमेलिया आणि मॅग्नोलिया. एप्रिलच्या मध्यावर सरकला तर चेरीचा बहर, ट्यूलिप, आणि नशीब असेल तर झाडांखाली ब्लूबेलची निळाई.

लवकरच्या ईस्टरला माझं मन विझ्लीकडे ओढ घेतं, ते तिथल्या अल्पाइन मेडोसाठी. उतरणीवरच्या गवतात बोटभर उंचीची पिवळी नार्सिससची फुलं असतात, परकराला घेर असावा तशी. ती बघायला गुडघ्यावर बसावं लागतं. माझ्या आईने तिथे बसून एकेका फुलाकडे इतका वेळ पाहिलं की मुलंही येऊन शेजारी बसली. शेजारीच १९१० च्या दशकात रचलेली रॉक गार्डन आहे, सुंदर, पण चढाची आणि पायऱ्यांची. गुडघे दुखणाऱ्यांना ती खालूनच दाखवा. बॅटलस्टन हिल या तिथल्याच टेकडीवरही चढ आहेच.

क्यू त्या मानाने जवळजवळ सपाट आहे, आणि माझ्या मते वयस्कर माणसं बरोबर असताना हा मुद्दा बाकी सगळ्यांहून मोठा. मात्र सपाट असली तरी बाग लहान नाही, ३०० एकरांहून जास्त आहे. एका दिवसात सगळी बघायचा हट्ट धरलात तर संध्याकाळी घरात कोणी कोणाशी बोलणार नाही. व्हिक्टोरिया गेटने आत जा, पाम हाऊस, तळं, टेम्परेट हाऊस, आणि तिथेच थांबा.

इथला एप्रिल आपल्या लोकांना फसवतो. खिडकीतून ऊन दिसतं, म्हणून सासूबाई एका शालीवर निघाल्या आणि अर्ध्या तासात त्यांचे हात गार पडले. तेव्हा आम्ही पाम हाऊसमध्ये शिरलो. १८४८ मध्ये पुरं झालेलं हे लोखंडाचं आणि काचेचं घर आतून दमट, उबदार असतं. चष्म्यावर लगेच वाफ धरते. समोर केळी, नारळ, कोको. सासूबाई रत्नागिरीच्या. त्यांनी केळीच्या पानावर हात ठेवला आणि पहिल्यांदाच त्या दिवशी मोकळेपणाने बोलायला लागल्या: परसातली केळ, नारळ पाडणारा गडी, पावसाळ्याआधीची आगोट. मुलांनी ते सगळं प्रथमच ऐकलं. एवढ्यासाठीच मी कोकणातल्या आजी-आजोबांना आधी क्यूला न्या म्हणते. एक लक्षात ठेवा: पाम हाऊसच्या मोठ्या नूतनीकरणाची योजना जाहीर झालेली आहे, तेव्हा ते उघडं आहे ना हे निघण्याआधी संकेतस्थळावर पाहा. बंद असेल तर प्रिन्सेस ऑफ वेल्स काचघरात जा. तिथे वाळवंटापासून उष्ण कटिबंधापर्यंत १० हवामानं एका छताखाली आहेत.

विझ्लीलाही २००७ मध्ये उघडलेलं मोठं काचघर आहे. उबदार, देखणं, आत धबधबासुद्धा. पण पाऊस लागला तर क्यूमध्ये आडोशाच्या जागा जास्त. टेम्परेट हाऊस हे जगात टिकून राहिलेलं सर्वांत मोठं व्हिक्टोरियन काचघर, पाच वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०१८ मध्ये पुन्हा उघडलं. आणि मेरिअॅन नॉर्थ गॅलरी तर आवर्जून दाखवा. ही बाई एकोणिसाव्या शतकात एकटीने जगभर हिंडली, भारतातही आली, आणि तिची ८०० हून अधिक चित्रं भिंती भरून लावलेली आहेत. बाबा तिथे आपल्याकडची झाडं शोधत बसले, आम्हाला त्यांना बोलावून आणावं लागलं.

मुलं २ ते १२ वर्षांची असतील तर क्यूचं चिल्ड्रन्स गार्डन. माती, हवा, ऊन आणि पाणी अशा चार भागांत झाडांना काय लागतं ते चढत-घसरत कळतं. गर्दीच्या दिवशी रांग लागते, म्हणून सकाळी पहिलं तेच. जरा मोठ्यांसाठी झाडांच्या शेंड्यांजवळून जाणारा, १८ मीटर उंचीवरचा ट्रीटॉप वॉकवे. हीथ्रोला उतरणारी विमानं क्यूवरून अगदी कमी उंचीवर जातात. आवाजाचा त्रास आहे खरा, पण आमच्या धाकट्याला तोच आनंद, आणि आजोबांना आपण याच वाटेने आलो याचं अप्रूप.

विझ्लीलाही मुलांना खेळायला आणि पळायला जागा आहे. ज्यांना घरी कुंडीत, परसात काही लावायचं आहे त्यांना मात्र विझ्लीच योग्य. ही रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग, १९०३ पासूनची. भाजीचे वाफे, फळबाग, निरनिराळ्या जाती शेजारी-शेजारी लावून केलेल्या चाचण्या. क्यूमध्ये थक्क व्हायला होतं, विझ्लीत ‘हे आपल्यालाही जमेल’ असं वाटतं. तिथून रोपं आणायची असतील तर ईस्टरचा रविवार टाळा. त्या दिवशी इंग्लंडमध्ये मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात, मोठी गार्डन सेंटर्सही त्यात आली.

जाण्यायेण्याचं थोडक्यात. गाडी नसेल तर क्यू: डिस्ट्रिक्ट लाइन किंवा ओव्हरग्राउंडने क्यू गार्डन्स स्टेशन, पुढे पाच-सात मिनिटं पायी. ईस्टरला रुळांची कामं काढतात, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक बघा. विझ्ली एम-२५ महामार्गाच्या जंक्शन १० जवळ, ए-३ रस्त्याला लागून. पार्किंग फुकट, त्यामुळे गाडीवाल्यांना सोपं. रेल्वेने वोकिंगपर्यंत जाऊन पुढे टॅक्सी केली तर सहा माणसांचा खर्च जड जातो. क्यूचं तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं.

डबा दोन्हीकडे नेता येतो. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, थर्मासमध्ये चहा, आणि बसायला जाड सतरंजी, कारण गवत ओलं असतं. क्यूच्या तळ्याकाठी बसू नका, तिथले हंस-बदकं पुरीसाठी थेट मांडीपर्यंत येतात.

तर पहिल्यांदाच येणारे आईबाबा, लहान मुलं, गाडी नाही: क्यू, आणि शक्यतो शुक्रवारी सकाळी दार उघडताच. आईबाबांची ही दुसरी-तिसरी खेप, चालायला बरे आहेत, दारात गाडी आहे: विझ्ली, सोमवारी. येताना एखादं रोप घ्या आणि ते आजीच्या हातून लावून घ्या. तिच्या परतीच्या विमानाला अजून दोन-तीन आठवडे असतील तर पहिली नवी पानं ती स्वतः बघेल.