'मेटाइम' आधी बघावा की 'द ग्रेट कारुसो'?

जुन्या हॉलिवूडमधले ऑपेरा गायकांचे संगीतपट बघायचेत, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी दोनच नावं सांगते. जेनेट मॅकडोनाल्ड आणि नेल्सन एडी यांचा 'मेटाइम' (१९३७) आणि मारिओ लान्झाने इटलीचा नामवंत ऑपेरा गायक एन्रिको कारुसो रंगवलेला 'द ग्रेट कारुसो' (१९५१). दोन्ही एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीचे, आणि तरी दोघांची तऱ्हा अगदी वेगळी.

हे सिनेमे बघायचे ते आधी गळ्यासाठी. ऑपेराचा आवाज घडवतात तो माइकशिवाय, वाद्यवृंदाला ओलांडून शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून. सिनेमाने त्याच्यासमोर माइक आणि कॅमेरा अगदी जवळ आणून ठेवला. एवढा मोठा आवाज एवढ्या जवळून ऐकायचा कसा? आपल्याकडे प्रभातने १९३५ साली बालगंधर्वांना 'धर्मात्मा'त एकनाथांच्या भूमिकेत आणलं, तेव्हा रंगभूमीवर मुरलेला गळा पडद्यावर कसा मांडायचा हा प्रश्न पुण्यातही पडलाच असणार.

लान्झाने त्यावर उत्तर शोधलंच नाही. तो पूर्ण ताकदीने गातो, हातचं राखून काही ठेवत नाही. 'पालियाची' या ऑपेरातल्या विदूषकाचं गाणं ऐका. बायकोने दगा दिलाय, तरी तोंडाला रंग फासून लोकांना हसवायला उभं राहायचंय. सूर चढत चढत वर जातो, तिथे ठरतो, आणि उतरताना त्यात हुंदका मिसळतो. इटालियनचा एक शब्द कळत नसला तरी अंगावर काटा येतो. 'लुचिया' या ऑपेरातलं सहा जणांचं एकत्र गाणंही या सिनेमात आहे, आणि सोबतीला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची गायिका डोरोथी कर्स्टन. नवख्या माणसाला एका बैठकीत ऑपेराची इतकी गाणी ऐकवणारा दुसरा सिनेमा मला माहीत नाही. स्पेनचा ऑपेरा गायक होसे कारेरास लहानपणी हाच सिनेमा बघून गाण्याकडे वळला.

गोष्ट मात्र लंगडी आहे. खऱ्या कारुसोचं आयुष्य गुंतागुंतीचं होतं. त्याच्या दोन मुलांची आई आदा जाकेत्ती इथे नाहीच. सिनेमात तो रंगमंचावर कोसळतो, प्रत्यक्षात तो २ ऑगस्ट १९२१ रोजी नेपल्समध्ये गेला. चरित्र म्हणून बघायला बसाल तर फसाल. मला जास्त चटका लागतो तो लान्झाचाच: कारुसो गेला त्याच वर्षी जन्मलेला हा माणूस ऑपेराच्या रंगमंचावर जेमतेम उभा राहिला आणि १९५९ मध्ये, ३८व्या वर्षी, रोममध्ये गेला. एवढा गळा, आणि तो उरला जवळजवळ सगळा फितींवर आणि तबकड्यांवर.

'मेटाइम'चं बळ गोष्टीत आहे. तिसऱ्या नेपोलियनच्या पॅरिसमधली एक गायिका, तिला घडवणारा आणि त्या उपकाराची किंमत लग्नाने वसूल करणारा गुरू (जॉन बॅरीमोर), आणि अवचित भेटलेला एक गरीब गायक. मे महिन्याच्या जत्रेत दोघं झाडाखाली संगीतकार सिग्मंड रॉम्बर्गचं एक साधं, गोड गाणं म्हणतात. पुढे काही वर्षांनी ती दोघं एका ऑपेरात नायक-नायिका म्हणून समोरासमोर येतात. तो ऑपेरा मुळात अस्तित्वातच नाही. संगीतकार हर्बर्ट स्टोथार्टने चायकोव्हस्कीच्या पाचव्या सिंफनीतून तो सिनेमासाठी बांधला. पोशाख दुसऱ्यांचे, शब्द दुसऱ्यांचे, पण प्रत्येक सूर ती एकमेकांनाच सांगताहेत, आणि नवरा प्रेक्षागृहात बसून ते ओळखतोय. माझी मावशी नाट्यसंगीतावर वाढलेली, पाश्चात्त्य गाण्याला 'किंचाळणं' म्हणणारी. या प्रसंगाला तिने हातातलं विणकाम खाली ठेवलं. पद म्हणजे संवादच, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही.

अडचणी 'मेटाइम'लाही आहेत. १३२ मिनिटं, कृष्णधवल, आणि त्या काळच्या ध्वनिमुद्रणात स्त्रीगळ्याचे तार स्वर बारीक, टोचरे लागतात. एडी देखणा गातो पण अभिनयात अवघडलेला असतो. 'कारुसो' १०९ मिनिटांचा आणि रंगीत, त्यामुळे जुन्या सिनेमाची सवय नसलेल्यांना तो लवकर पचतो.

मुलं सोबत असतील तर मात्र दोन्ही बाजूला ठेवा आणि 'वन हंड्रेड मेन अँड अ गर्ल' (१९३७) लावा. पंधरा वर्षांची डिॲना डर्बिन बेकार वादकांसाठी थेट नामवंत वाद्यवृंद-संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्कीला गाठते, आणि स्टोकोव्स्कीची भूमिका खुद्द त्यानेच केलीय. ती ऑपेराची गायिका नव्हती, पण तिचं मोत्झार्ट ऐकून पोरं गप्प बसतात. निर्माता जो पास्टरनाक, ज्याने पुढे 'कारुसो' काढला.

ऑपेरा म्हणजे काय हे कानांना कळावं, एवढंच हवं असेल तर 'कारुसो' घ्या. एकच संध्याकाळ मोकळी असेल आणि सिनेमा म्हणून काही मनात राहायला हवं असेल, तर मी बेलाशक 'मेटाइम' सांगेन. त्यातलं जत्रेतलं गाणं लक्ष देऊन ऐका, ते शेवटी परत येतं. 'कारुसो' मोबाइलवर बघू नका, घरात असेल तो मोठ्यात मोठा स्पीकर जोडा आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.