नौकांच्या संदेशजाळ्यात ओळख कशी ठरवावी: झीरोएमक्यू, एमक्यूटीटी की लिबपीटूपी?

हर्णै किंवा मिरकरवाड्यासारख्या बंदरातील मच्छीमार संस्थेला नौका, बर्फ कारखाना आणि लिलावाची जागा यांच्यात स्वतःची संदेशव्यवस्था उभारायची असेल, तर रेंजबाहेर गेलेली नौका पुन्हा जोडली गेल्यावर ती तीच आहे हे कशावरून ओळखायचे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. झीरोएमक्यू, एमक्यूटीटी आणि लिबपीटूपी ही यंत्रांमध्ये संदेश पाठवण्याची तीन साधने त्याचे वेगवेगळे उत्तर देतात.

झीरोएमक्यूमध्ये नौकेने स्वतःचे नाव सांगितले नाही, तर राउटर सॉकेट (अनेक जोडण्या सांभाळणारे सर्व्हरकडील टोक) तिला ५ बाइटची तात्पुरती ओळख देतो. जोडणी तुटून पुन्हा झाली की ओळखही बदलते आणि जुन्या ओळखीवर पाठवलेला संदेश, वेगळी तजवीज केली नसल्यास, मुकाट्याने टाकून दिला जातो. कायमचे नाव ठरवून दिले, तर निराळीच अडचण येते. सिग्नल अचानक गेला की किनाऱ्यावरील सर्व्हरला जुनी जोडणी काही काळ जिवंतच वाटते आणि त्याच नावाने परतलेल्या नौकेला तो नाकारतो. हँडओव्हरचा, म्हणजे नाव नव्या जोडणीकडे सोपवण्याचा, पर्याय चालू केला असेल, तरच नव्या जोडणीला ते नाव मिळते.

एमक्यूटीटीचा नियम याच्या नेमका उलट आहे: त्याच क्लायंट आयडीने (जोडणाऱ्या यंत्राच्या नावाने) नवी जोडणी आली की ब्रोकरने, म्हणजे संदेश घेऊन पुढे पोहोचवणाऱ्या सर्व्हरने, जुनी तोडलीच पाहिजे. शिवाय सत्र टिकवून ठेवण्याची व्यवस्था केली असेल, तर नौका संपर्काबाहेर असताना क्यूओएस १ किंवा २ ने (पोचपावती घेणाऱ्या पातळ्यांनी) आलेले संदेश ब्रोकर तिच्या आयडीवर राखून ठेवतो. सिग्नल येत-जात राहणाऱ्या किनाऱ्याला मला हीच पद्धत सर्वांत सोयीची वाटते. धोका मात्र याच नियमात आहे, कारण आयडी ठाऊक असलेला कोणीही खऱ्या नौकेची जोडणी तोडू शकतो, आणि नोंदणी क्रमांकच आयडी म्हणून वापरला तर तो नौकेवर सर्वांना दिसेल असा रंगवलेलाच असतो. म्हणून प्रत्येक आयडी स्वतंत्र डिजिटल प्रमाणपत्राशी बांधून ब्रोकरने तो जुळवून पाहणे अत्यावश्यक आहे. झीरोएमक्यूतील नावही पुरावा नव्हे. तेथे कर्व्ह ही कीवर (डिजिटल किल्लीवर) आधारित सुरक्षा वेगळी जोडावी लागते.

लिबपीटूपीमध्ये ओळख, म्हणजे पीअर आयडी, सर्वांना सांगता येणाऱ्या सार्वजनिक कीपासूनच तयार होते आणि जोडणीच्या वेळी तिच्या जोडीच्या गुप्त खासगी कीचा पुरावा द्यावा लागत असल्यामुळे, ती की गुप्त असेपर्यंत तोतयेगिरीला वाव राहत नाही. परंतु उपकरण पाण्यात पडून की गेली, तर ओळखही जाते.

संस्थेचा स्वतःचा सर्व्हर असल्यास एमक्यूटीटी घ्यावे आणि बंदरातील स्थिर यंत्रांपुरते झीरोएमक्यू पुरेल. सामाईक सर्व्हर नको असलेल्या अनेक संस्थांनी लिबपीटूपी निवडावे, मात्र नौका आणि पीअर आयडी यांची नोंदवही प्रत्येकीने ठेवावी.