घडीचे आठ पॅनेलचे तारेचे कुंपण: तीन सशांच्या घरातील दोन महिन्यांचा अनुभव

कुत्र्याच्या पिल्लांसाठी म्हणून विकले जाणारे हे घडीचे कुंपण मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मागवले, ते मात्र सशांसाठी. सुमारे ६० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर उंच असे आठ पॅनेल, त्यांपैकी एकाला फाटक, जोडणीसाठी लांब सळ्या आणि किंमत ३,२०० रुपये. हिंगणघाट तालुक्यातील आमच्या गावापर्यंत कुरिअर येत नाही, त्यामुळे खोके तालुक्याहून दुचाकीवर बांधून आणावे लागले. मी पाचपैकी साडेतीन तारे देते. वस्तू कामाची आहे, परंतु खोक्यावरील चित्रात दाखवल्याप्रमाणे तिचा गोल घेर करून ठेवला, तर ज्या घरात वयात आलेल्या मादीची नसबंदी व्हायची आहे तिथे ती अपुरी पडते.

आमच्याकडे बोंड्या आणि रुई ही तीन वर्षांची जोडी आहे. गाव कापसाच्या पट्ट्यातले असल्यामुळे नावेही त्याच वळणाची पडली. दोघांचीही नसबंदी पूर्वीच झालेली असून ती एकाच ताटात खातात, एकमेकांचे कपाळ चाटतात आणि दुपारी अंगाला अंग लावून झोपतात. जूनअखेर अडीच महिन्यांची सरकी घरात आली तेव्हा या जोडीने तिला फारशी कुरकूर न करता सामावून घेतले, आणि तिघांचे जमले असे मी समजून चालले. तो माझा भ्रम होता. सशाची मादी साधारणपणे चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान वयात येते आणि तोवर पिल्लू म्हणून तिला मिळालेली सवलत मोठी मादी काढून घेते. जुलै संपता संपता सरकी रुईभोवती घुं घुं करीत फेऱ्या मारू लागली, जोडीच्या पोत्यावर मूत्र शिंपडू लागली, आणि एका सकाळी सपरीत, म्हणजे ओसरीत, पिंजलेल्या कापसासारखे केसांचे पुंजके पडलेले दिसले. त्याच दिवशी मी कुंपणाची मागणी नोंदवली.

सुरुवातीला चित्राबरहुकूम गोल घेर केला, आत सरकी आणि बाहेर जोडी. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी शेजारची मुले लाकडी बैल ओढत अंगणात आली, त्या खडखडाटाने तिन्ही ससे बिथरले आणि रुईने नेमके त्याच वेळी दोन सळ्यांमधून नाक आत घातले. सळ्यांमधील फट जवळजवळ ४ सेंटिमीटरची आहे. कुत्र्याच्या पिल्लासाठी ती ठीक असेलही, पण सशाचे नाक तिच्यातून सहज आत जाते. सरकीने क्षणात चावा घेतला आणि रुईच्या वरच्या ओठावर तांदळाच्या दाण्याएवढी चीर पडली. जखम लहान होती व सलाइनच्या पाण्याने धुऊन ती बरीही झाली, तरी मी पुढचे दोन दिवस रुई किती खाते आणि किती लेंड्या टाकते यावर डोळा ठेवला. ससा वेदना लपवतो आणि दुखण्याने त्याने खाणे सोडले की त्याचे आतडे मंदावते. दहा-बारा तास तोंडात काही घेतले नाही, तर उजाडायची वाट न पाहता डॉक्टर गाठावा लागतो.

यानंतर मी घेर मोडला. सपरीची रुंदी सव्वादोन मीटर आहे. चार पॅनेलची एक रांग किंचित नागमोडी करून भिंतीपासून भिंतीपर्यंत लावली, उरलेल्या चारांची दुसरी रांग तिच्यामागे वीतभर अंतर सोडून लावली, आणि कटकट तिथेच थांबली. नाकाला नाक लागत नाही, पण दिसते आणि वासही येतो. हे दोन्ही चालू राहणे आवश्यक आहे, कारण नवीन मादीला दुसऱ्या खोलीत पूर्णपणे नजरेआड ठेवले, तर महिन्याभराने ती जोडीच्या लेखी परकीच ठरते. मी दोन्ही बाजूंची हरळीची ताटे रांगांना टेकवून एकाच वेळी ठेवते, दिवसाआड दोन्हीकडची पोती आणि मातीचे पसरट भांडे यांची अदलाबदल करते, आणि आठवड्यातून दोनदा सशांच्याच बाजू बदलते. हनुवटी घासून वास सोडत एखादा कोपरा आपला ठरवण्याची त्यांची सवय त्यामुळे एका जागी मुरत नाही. वेगळे करायचे ते सरकीला, जोडीतील एकाला नव्हे. एका रात्री सरकीवर चिडलेली रुई तिच्यापर्यंत पोहोचता येईना म्हणून शेजारी बसलेल्या बोंड्यावरच उलटली, तेव्हा जुळलेली जोडी मोडायला किती थोडे निमित्त पुरते हे मी पाहिले.

सरळ रांगेत लावल्यावर मात्र या कुंपणाचा खरा दोष उघडा पडतो. त्याला पाय नाहीत. मातीत सळ्या रोवता येतात, फरशीवर ती रांग सशाच्या एका धडकेने कलते. मी तालुक्यातील एका वेल्डिंगच्या दुकानातून आडव्या लोखंडी पट्ट्यांचे सहा पाय करून घेतले, त्याचे ४५० रुपये पडले. माप घेताना त्या गृहस्थांनी विचारले, “सशासाठी येवढे मजबूत पाय कायले पाहिजे मॅडम, ससा होय का बैल?” दुसऱ्याच दिवशी सरकीची धडक पाहायला त्यांना बोलवावे असे मला वाटून गेले.

उंचीबद्दल तक्रार नाही. ६० सेंटिमीटरची फळी सहज ओलांडणारी सरकी ९० सेंटिमीटरवरून अद्याप गेलेली नाही. काळा लेप मात्र तकलादू आहे. पावसाळ्यात वेल्डच्या ठिकाणी गंज धरला आणि सरकीने कुरतडलेल्या तीन सळ्यांवरचा लेप निघाला. तो पोटात जाणे बरे नव्हे, म्हणून त्या उंचीवर आता बाभळीची फळी बांधली आहे. वरून उघडे असल्यामुळे रात्री अंगणात हे कुंपण निरुपयोगी आहे. बोके आणि मुंगसे गावात कमी नाहीत.

सप्टेंबरच्या मध्याला सरकी तोंडात गवताच्या काड्या धरून कोपऱ्यात नेऊ लागली आणि छातीचे केस उपटू लागली. मादीला प्रत्यक्ष समागमाशिवायही, केवळ दुसऱ्या सशाने अंगावर चढण्याने, खोटी गर्भधारणा होऊ शकते. ती साधारण १६ ते १८ दिवस टिकते आणि त्या काळात मादी अधिकच चिडखोर होते. बोंड्याची नसबंदी जुनी असल्याने खऱ्या पिल्लांची धास्ती नव्हती. ज्यांच्याकडील नराची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे त्यांनी मात्र चार ते सहा आठवडे त्याला मादीपासून दूरच ठेवावे, कारण तोवर तो पिल्ले देऊ शकतो; आणि ज्यांच्याकडील नराची नसबंदी झालेलीच नाही त्यांनी एकेरी कुंपणावर अजिबात विसंबू नये. मादी सुमारे ३१ दिवसांत विते.

गावातील जनावरांच्या दवाखान्यात ससा क्वचितच येतो, म्हणून सरकीची शस्त्रक्रिया नागपूरला होणार आहे. खोटी गर्भधारणा ओसरेपर्यंत थांबायचे ठरल्याने तारीख दसऱ्यानंतरची मिळाली. ससा उलटी करू शकत नाही, त्यामुळे कुत्र्यामांजरांप्रमाणे आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवू नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. चारा थेट दवाखान्यापर्यंत सोबत न्यायचा आहे. परत आल्यावर तिच्या अंगाला दवाखान्याचा वास असेल, टाके असतील आणि शरीरातील संप्रेरके उतरायला चार ते सहा आठवडे लागतील, म्हणून दोन्ही रांगा दिवाळीनंतरही तशाच राहतील. फक्त फाटक एकाच रांगेला असल्यामुळे रोज दोन वेळा हातात पाण्याचे भांडे घेऊन, नेसत्या साडीने, ९० सेंटिमीटरचे दुसरे कुंपण मला ओलांडावे लागते. त्या रांगेलाही एक फाटक करून द्या, असे वेल्डिंगवाल्यांना काल सांगून आले आहे.