सिंफनी एक्स: आधी 'द ओडिसी' की 'पॅराडाइज लॉस्ट'?

सिंफनी एक्स या अमेरिकन प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचा 'द डिव्हाइन विंग्ज ऑफ ट्रॅजेडी' हा अल्बम ऐकून झाला, आवडला, आता पुढे काय, तर बहुतेकांची गाडी या दोन अल्बमपाशी येऊन अडते. 2002 चा 'द ओडिसी' आणि 2007 चा 'पॅराडाइज लॉस्ट'. लाइन-अप तोच, गिटारवर रोमिओ, कीबोर्डवर पिनेला, ड्रम्सवर रुलो, बासवर लेपाँड आणि गायला रसेल अ‍ॅलन, मधे जवळजवळ साडेचार वर्षांचं अंतर. मी वर्षभराच्या फरकानं दोन्ही घेतले, आधी ओडिसी मग दुसरा, त्यामुळे जे सांगतोय ते माझ्या कानांचं म्हणणं समजा, तुमचं वेगळं निघू शकतं.

पॅराडाइज लॉस्टबद्दल पहिली गोष्ट कानावर येते ती म्हणजे 'बँड हेवी झाला, जुनी नजाकत गेली'. मला हे अर्धंच पटतं. हेवी व्हायला सुरुवात ओडिसीतच झालीय, 'विकेड' आणि 'किंग ऑफ टेरर्स' लावून बघा, ही काही तलवारी परजत, घोडे उधळत जाणारी पॉवर मेटलची गाणी नाहीत, रिफ, म्हणजे गिटारचे परत परत येणारे तुकडे, चांगले जाडजूड आहेत आणि अ‍ॅलन तिथेच घसा खरवडायला लागलाय. पुढच्या अल्बममधे हे सगळं आणखी पुढे नेलं एवढंच. 'डॉमिनेशन'ची सुरुवात घ्या, लेपाँडचा बास एकटा धावत येतो आणि मग बाकीचे त्याच्यावर कोसळतात, ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गाणं थांबवून परत पहिल्यापासून लावलं होतं.

नजाकतीचं म्हणाल तर 'सेव्हन' ऐका. निओक्लासिकल, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय वळणाची, धावपळ जशीच्या तशी आहे, फक्त तिच्याखालची जमीन आता टणक झालीय. हां, एक मान्य करायला हवं, पिनेलाचा कीबोर्ड ओडिसीत जास्त मोकळा आहे. पॅराडाइज लॉस्टमधे गिटारची भिंत पुढे येते आणि पियानो ऐकायला 'पॅराडाइज लॉस्ट' या गाण्यापर्यंत थांबावं लागतं, तिथे मात्र तो पोटभर मिळतो. ज्यांना कीबोर्ड हाच जीव की प्राण आहे त्यांनी ओडिसीच घ्यावा असं मी म्हणेन, त्यात वाद नाही.

मिक्सचा फरकही आहे. पॅराडाइज लॉस्ट येन्स बोग्रेननं मिक्स केलाय, आणि रुलोचे ड्रम्स त्यात छातीवर बसतात. ओडिसीचा आवाज मला थोडा कोरडा वाटतो, वाईट नाही, पण साध्या हेडफोनवर पातळ लागतो.

आता ज्या गोष्टीनं माझं पारडं झुकलं ती सांगतो. ओडिसीचं शेवटचं गाणं, म्हणजे ज्याच्यासाठी लोक हा अल्बम घेतात ते, चोवीस मिनिटांचं आहे. ग्रीक कवी होमरच्या 'ओडिसी'ची सगळी कथा, म्हणजे ओडिसियसचा इथाका या आपल्या घरी परतायचा प्रवास, सात भागांत, आणि ते सातही भाग एकाच ट्रॅकमधे. सुरुवातीला मला याचं कौतुकच होतं. पण मी संगीत ऐकतो ते जाता येता, अर्ध्या तासाच्या प्रवासात, आणि त्यात एखादा फोन येणार, कुणीतरी हाक मारणार, किंवा उतरायची जागा येणार. दुसऱ्या दिवशी लावायला गेलं की प्लेयर गाणं परत शून्यावर आणून ठेवतो. मग बोटानं ती बारीक पट्टी सरकवत बसायचं, कधी 'सायरन्स' या भागाच्या मधे जाऊन पडायचं कधी फारच मागे, आणि शेवटी कंटाळून पहिल्यापासून लावायचं. परिणाम काय झाला, तर सुरुवातीचं ते ऑर्केस्ट्राचं ओव्हर्चर मला पाठ आहे, एकडोळ्या राक्षसाची गुहा पाठ आहे, सर्सी या जादूगारणीच्या भागापर्यंत पण बरा जातो, आणि इथाकाला मी फार कमी वेळा पोचलोय. तो शेवटचा भाग, ओडिसियस घरी येऊन हिशोब चुकता करतो तो, माझ्या मते अख्ख्या गाण्याचा कळस आहे, आणि तोच मला सगळ्यात कमी ओळखीचा राहिला. सात भाग सात ट्रॅकमधे असते तर कदाचित मी आज हे सगळं उलटं लिहिलं असतं. आधीच्या 'फाइव्ह: द न्यू मिथॉलॉजी सूट' या अल्बममधे त्यांनी हेच केलं होतं, गाणी एकमेकांत मिसळलेली पण ट्रॅक वेगळे, म्हणून इथे जास्त जीव जळतो.

पॅराडाइज लॉस्टमधे इंग्रज कवी मिल्टनच्या त्याच नावाच्या महाकाव्यातले सैतान आणि ईव्ह आहेत, विषय तेवढाच मोठा, पण गाणी सुटी सुटी. सगळ्यात लांब 'रेव्हलेशन', ते नऊ मिनिटांच्या थोडं वर, त्याच्या खालोखाल 'द वॉल्स ऑफ बॅबिलॉन' आठच्या आसपास. माझ्या प्रवासात असं एक आख्खं गाणं बसतं, सुरू होतं, चढतं, संपतं. शिवाय 'रेव्हलेशन'च्या नावापुढे जे लॅटिन जोडलंय ते सरळ 'डिव्हाइन विंग्ज'ची आठवण काढणारं आहे, म्हणजे ज्या अल्बमपासून तुम्ही सुरुवात केलीत तिथेच हा तुम्हाला नेऊन सोडतो. मी ते नाव नीट वाचलं तेव्हा अल्बम बरेचदा ऐकून झाला होता, आणि त्या दिवशी दोन्ही अल्बम पाठोपाठ लावले.

उणीव सांगायची तर 'डॉमिनेशन' आणि 'द सर्पंट्स किस' लागोपाठ आल्यानं तिथे जरा एकसुरी वाटू शकतं, आणि अ‍ॅलनचा गोड आवाज आवडणाऱ्यांना पहिली तीन गाणी कर्कश लागतील. त्यांनी घाई करू नये, 'द सॅक्रिफाइस' येईपर्यंत थांबावं, अकूस्टिक गिटारवर तो असा गायलाय की आधीची सगळी गुरगुर कशासाठी होती ते कळतं.

तर, घरी बसून दिवे मालवून सलग तासभर ऐकायची सवय असेल तर ओडिसी आधी घ्या, मला झाला तो त्रास तुम्हाला होणारच नाही आणि 'अ‍ॅकोलेड टू' हे 'डिव्हाइन विंग्ज'मधल्या गाण्याचा पुढचा भाग म्हणून वेगळंच सुख देईल. माझ्यासारखं तुकड्या तुकड्यानं ऐकत असाल तर मात्र पॅराडाइज लॉस्ट. आणि तो घेतलात तर पहिलं ऑर्केस्ट्राचं 'ऑक्युलस एक्स इन्फर्नी' गाळू नका, दोन अडीच मिनिटांचंच आहे, ते संपल्या संपल्या 'सेट द वर्ल्ड ऑन फायर'चा रिफ पडतो तो त्याच्याशिवाय तसा पडत नाही.